नवाबाचा रेडिओग्राम

त्या दुष्काळात भूमच्या बाजारात पाणी मिळत नव्हतं, पण हैदराबादच्या नवाबाचा रेडिओग्राम मिळायचा. जुने बाजे विकणारा एक माणूस तिथं बसायचा; त्याच्याकडं असे इतके नवाबी नग होते की, सगळे खरे मानले तर हैदराबादेत माणसांपरीस नवाबच जास्त निघाले असते. खांद्यावरच्या शालीनं तो रेडिओ-तबकडीच्या त्या पेटीचं झाकण असं हळुवार पुसायचा, जणू आत नवाबच निजलाय.

एकदा माझे चुलते सोसायटीतून बैलांसाठी कडब्याची शेवटची गाडी घेऊन निघाले होते. वाटेत गाणं कानावर पडलं आणि तिथंच विरघळले. कडबा द्यायचा, रेडिओग्राम घ्यायचा, असा सौदा ठरतच आला. तेवढ्यात तबकडीवरची सुई एका ओळीवर अडकली, ती पुढं सरकंचना.

"नवाबसाहेबांना तेवढीच ओळ पसंत होती," तो डोळे मिटून म्हणाला. "मशीनला सवय लागलीय."

कडब्यावर बसलेली चुलती कडाडली, "आन् नवाबाच्या बैलास्नी गाणं खायाची सवय व्हती व्हय? अवो, हाका गाडी!"

गाडी हलली, बैल वाचले. त्या महाभागाला मात्र ना लाज, ना खंत.

पुढं येडशी स्टेशनाबाहेर तो मला पुन्हा दिसला. तीच शाल, तीच अडकलेली ओळ. गिऱ्हाइकाला सांगत होता, "भूमला हे गाणं ऐकून बैलांनी समोरचा कडबा सोडला, मालक! बाई रडली, तेव्हा कुठं गाडी हलली."

गिऱ्हाइकानं पायताण काढलं आणि बाज्याला हात जोडले.