नदीच्या मधोमध

निदिया आंगुलो आमच्या विद्यापीठात वाटाघाटी आणि शांतता हा विषय शिकवायच्या. सगळे त्यांना 'प्रोफे' म्हणत. जन्म किनाऱ्यावरच्या खारफुटीतला. आई चिखलात हात घालून शिंपले काढायची. पोरगी शिष्यवृत्तीवर जिनिव्हाला गेली आणि देशोदेशींच्या तहांवर प्रबंध लिहून परत आली. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग साहाय्यक. राजधानीतून त्यांना बोलावणी यायची, पण भाषणांसाठी. प्रत्यक्ष वाटाघाटींना कुणी बसवलंच नव्हतं.

मग सीमेवरच्या नदीत भांडण पेटलं. अलीकडे आम्ही कोलंबियाचे, पलीकडे एक्वादोरचे. शिंपल्यांच्या जागेवरून होड्या जाळल्या गेल्या. दोन्ही सरकारं एकमेकांना खलिते पाठवत बसली. शेवटी गावच्या पाद्रीबाबांनी प्रोफेंना फोन केला.

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "अगं, खऱ्याखुऱ्या वाटाघाटींना बोलावलंय मला! चल, बॅग भर!"

समोरच्या काठावर पाय ठेवायला कुणीच तयार नव्हतं. प्रोफे म्हणाल्या, "मग नदीतच बसू." भल्या सकाळी दोन मोठ्या होड्या मधोमध एकमेकींना बांधल्या. आमच्याकडून म्हातारा सेगुंदो काइसेदो आला, त्याच्याच मुलाची होडी जळाली होती. पलीकडून शिंपलेवाल्या बायकांची पुढारी सोराइदा नासारेनो. दोन्ही काठांवर ही गर्दी!

प्रोफेंची अट एकच. "स्वतःची तक्रार सांगायची नाही. समोरच्याची सांगायची. तो 'बरोबर' म्हणेपर्यंत."

"मी काय हिचा वकील आहे?" सेगुंदो उखडला.

"वकील कसला, तुला धड बोलता तरी येतं का?" सोराइदानं टोला हाणला. "बस, मीच सांगते. तुझ्या लेकानं तीन वर्षं राबून होडी घेतली. आजीचं नाव दिलं तिला. आमच्या पोरांनी ती जाळली तेव्हा तो काठावर उभा राहून रडत होता. मी पाहिलंय."

सेगुंदो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "जाळ्यांचं राहिलं. जाळीही गेली."

"जाळीही गेली," सोराइदा म्हणाली.

"आता बरोबर." त्यानं टोपी काढली. "आणि तुम्ही बायका… आमची माणसं मिसरूड न फुटलेले शिंपलेही ओरबाडून नेतात. तुमच्या पोरींना रिकाम्या टोपल्या घेऊन घरी जावं लागतं. असंच ना?"

"मिसरूड? शिंपल्यांना?" सोराइदा खो खो हसत सुटली. होड्या डुलायला लागल्या. "पण हो, असंच!"

दुपारपर्यंत ठरलं: लहान शिंपले कुणी काढायचे नाहीत, खारफुटीला आळीपाळीनं विसावा द्यायचा आणि जळालेल्या होडीच्या जागी दोन्ही गावांनी मिळून नवी बांधायची. काठांवर ढोल घुमले. प्रोफेंनी मला मिठी मारली, तेव्हा आम्ही दोघी पाण्यात पडता पडता वाचलो.

पुढच्या वर्षी तिथे पुन्हा खटका उडाला. आम्हाला कळलं ते सगळं मिटल्यावर. सेगुंदो आणि सोराइदा स्वतःच नदीत होड्या एकमेकींना बांधून बसले होते. मला वाटलं, प्रोफेंना वाईट वाटेल. त्या वर्गात धावत शिरल्या आणि ओरडल्या, "पोरांनो, मला बोलावलंच नाही त्यांनी! बोलावलंच नाही!" आणि टेबलावर ढोलाचा ताल धरला.