आक्काच्या पिशवीतलं प्रवाळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आक्काला मात्र सांगावं लागलं नाही —

मी बेळगावात शाळेत जीवशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर अंदमानच्या सागरी उद्यानात नेणाऱ्या एका छोट्या जहाजाची सहल ठरवली, आणि जवळच्याच कडोली गावात दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, हट्टानं सोबत घेतलं. "मला काय कळतंय गं त्यातलं?" म्हणत होती. मी म्हटलं, मी आहे ना.

नियम साधा होता — बेटावरून काहीही उचलायचं नाही. वाळूसुद्धा नाही. आक्कानं तर निघताना चपला झटकून घेतल्या. आणि मी? बोटाएवढा, फांदीसारखा फुटलेला प्रवाळाचा एक पांढरा तुकडा रुमालात गुंडाळला. जन्मभर मुलांना हेच करू नका म्हणून सांगणारी मी. का घेतला? हवासा वाटला. बस्स.

जहाजावर चढण्याआधी रक्षक पिशव्या तपासू लागला. आक्का माझ्या पुढ्यात उभी, खांद्याला कापडी पिशवी — मी रुमालातला तुकडा हळूच त्या पिशवीत सोडला. खेड्यातली म्हातारी, तिला कोण काय बोलणार — असा विचार केला का? हो. तेवढ्या घाईतही केला.

तुकडा निघाला. सगळे बघत होते. आक्का वळून माझ्याकडे पाहत राहिली. आणि मी — मी रक्षकाला हिंदीत म्हणाले, "माफ करा, तिला नियम समजला नसेल."

आक्कानं मान खाली घातली. "व्हय, चुकलं माझं."

केबिनमध्ये आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला इचारलं असतंस, तर मीच घेतला म्हटलं असतं की गं. न सांगता घातलास."

मी चहा आणते म्हणून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी तिला बेटावर उतरू दिलं नाही. मी उतरले. काचेच्या तळाच्या बोटीत बसून रंगीत मासे पाहिले — हेही सांगायलाच हवं.

गेल्या दिवाळीत तिच्या सुनेनं सगळ्यांसमोर त्या सहलीचा विषय काढला. आक्का म्हणाली, "मी तिथला दगूड उचलला, म्हणून मला जहाजातच बशिवलं बघा." घर हसलं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

मीही हसले.