रिकामा डबा

सईचा डबा रोज रिकामा येतो, याचा मला कोण अभिमान! सोसायटीतल्या बायकांना मी सांगत असते, "आमच्या मुलीचं काही टेन्शन नाही. डबा चाटूनपुसून खाते."

आज गॅलरीत कपडे वाळत घालताना सहज खाली पाहिलं. सई शाळेतून आली होती, पण वर येत नव्हती. पार्किंगमध्ये उकिडवी बसून डब्यातली पोळी तुकडे करकरून कुत्र्याला घालत होती. मग तिनं नळाखाली डबा विसळला, तोंड धुतलं आणि कितीतरी वेळ जिन्याकडे बघत नुसतीच उभी राहिली.

माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच. कधीपासून चाललंय हे? मधल्या सुट्टीत ही कुणाजवळ बसते? रोज मी डबा उघडून बघितला, पोरीच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. आता विचारू तरी कसं? ओरडले, तर उद्या डबा आणखी स्वच्छ होऊन येईल.

बेल वाजली. दार उघडलं.

"संपवला," म्हणत तिनं डबा पुढे केला. डोळे लाल होते. सगळे प्रश्न ओठांवर आले होते माझ्या, आणि तोंडून निघालं ते रोजचंच.

"शहाणी गं माझी बाय."