कापड पुरलं होतं

आमच्या अंबाजोगाईला आपण शिकल्यासवरल्यांचं गाव आहोत याचा फार अभिमान आहे. इथं कॉलेजं आहेत, दवाखाने आहेत, आणि कुठल्याही विषयावर तासभर बोलू शकणारे लोक पानटपरीवर उभे असतात. मी स्वतः एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मिसरूड फुटलेल्या पोरांसमोर फळ्यावर माणसाच्या प्रजननसंस्थेची आकृती काढते, एकेका भागाला नाव देते, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. वावगं वाटलं ते उन्हाळ्यात अंगाची लाही लाही होत असताना मला बिनबाह्यांचा एक साधा सुती टॉप हवा झाला तेव्हा.

आधी मी बाजारात गेले. दुकानात तयार कुर्ते टांगलेले असतात, बाहेरून पाहिलं तर बिनबाह्यांचेच. पण आत हात घातला की पोटाशी बाह्या घडी घालून टाचलेल्या सापडतात. दुकानदारानं ती घडी उलगडून मला धीर दिला, "बाह्या आत हायत, ताई." मी धीर मागितलाच नव्हता. मला नकोत म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे गिऱ्हाईक चुकल्यासारखं पाहिलं, आणि वर सांगितलं की काढून फेकल्या तरी पैसे तेवढेच पडतील.

मग निळ्या ठशाचं कापड घेऊन मी टेलरकडे गेले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे आणि गावातल्या निम्म्या बायकांची मापं त्याला तोंडपाठ आहेत. बाह्या लावायच्या नाहीत हे मी त्याला सांगितलं, कापडावर खडूनं लिहून दिलं, निघताना दारातून पुन्हा सांगितलं. टॉप आणायला गेले तर कोपरापर्यंत बाह्या. मी विचारलं, हे काय? तो शांतपणे म्हणाला, "तुमी विसरल्या आसताल म्हनून लावल्या, म्याडम." म्हणजे मी तीनदा सांगितलं ते माझं विसरणं होतं. घरी येऊन त्या बाह्या उसवल्या, तर बाही जोडतात तो मुंढा एवढा खोल कापलेला की हात वर केला तर बरगड्या मोजाव्यात. त्या टॉपची मी फरशी पुसायची फडकी केली. इतकं चांगलं कापड फरशीला लावताना जीव तुटला, पण त्या माणसावरचा राग फरशीवर बरा निघाला.

तेव्हा ठरवलं, आपणच शिवायचं. लग्नात माहेरच्यांनी मला पायमशीन दिलेलं होतं. आमच्याकडे लेकीला मशीन देतात ते तिनं शिवावं म्हणून देतात असा कुणाचा गैरसमज असेल तर तो काढून टाकावा. ते मांडवात मांडायला देतात. त्यानंतर त्यावर क्रोशाचा रुमाल पडतो, रुमालावर फुलदाणी येते, आणि मशीन जन्मभर टेबल होऊन राहतं. मी फुलदाणी उचलली, रुमाल झटकला, पट्टा बदलून आणला आणि तेल घातलं. पहिल्या फेरीला ते असं ओरडलं की वरच्या मजल्यावरून जाऊबाई खाली आल्या.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. मनानं वाईट नाहीत, पण दुसऱ्याचं झाकायची त्यांना मोठी हौस. त्या पाटावर बसल्या आणि मी काय करतेय ते बघू लागल्या. मी जुना, अंगाला बरोबर बसणारा कुर्ता वर्तमानपत्रावर पसरून त्याचा आकार उतरवला, खांदा थोडा आत घेतला, मुंढा वर ठेवला. टेलरच्या मुंढ्यानं मला चांगलंच शहाणं केलं होतं. कापड दुहेरी घालून कापलं आणि खांदे, बगला जोडून घेतल्या. खरी गंमत पुढं होती. मुंढ्याला आतून जी पट्टी लावतात ती कापडाच्या तिरक्या धाग्यावर कापावी लागते, तरच ती गोलाईला वळते. मी घाईनं सरळ कापली. टीप मारली तर सगळा मुंढा चुण्या पडून सुरकुतला. उसवलं, तिरकी पट्टी कापली, पुन्हा लावली. मग उरलेलं कापड हातात घेऊन, ताणून बघत जाऊबाई म्हणाल्या, "येवढ्यात तर दोनी बाह्या निगत्याल की."

निघाल्या असत्या. मलाही दिसत होतं. मी म्हटलं, असू द्या.

टॉप चांगला झाला. अगदी छान नाही, डावा खांदा किंचित उतरलेला आहे, पण दंडांना वारा लागला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी आरशासमोर उगीचच दोन्ही हात वर करून उभी राहिले. तोच घालून दूध आणायला गेले, भाजी आणायला गेले. बायका बघायच्या, आणि ज्यांना राहवायचं नाही त्या विचारायच्या, बाह्या कावून न्हाईत? मी तोंड उघडायच्या आत, बरोबर असल्या तर, जाऊबाई उत्तर द्यायच्या, कापड पुरलं न्हाई तिला. झालं. विचारणारीच्या कपाळावरची आठी जायची. एक बाई तर हळहळली, हल्ली मेले मीटरमधी मारत्यात म्हणाली.

तेव्हा मला आमच्या लोकांचा खरा कायदा कळला. दंड उघडा राहिला तरी चालतो, तो नाइलाजानं राहिला पाहिजे. कापड कमी पडलं, माप चुकलं, बाही फाटली, काहीही चालेल. बाईला तसंच हवं होतं, एवढं मात्र चालत नाही. आणि कापड कमी पडलं म्हणणारं हे घर कुठलं, तर ज्याच्या कपाटात ओटीत आलेल्या ब्लाऊजपिसांचा ढीग दार लावू देत नाही. मला कुणाची परवानगी नको होती, कौतुक तर नकोच. मला हवं होतं म्हणून मी बाह्या लावल्या नाहीत, हे एक वाक्य मला बोलायचं होतं आणि ते कुणी सावरून न घेता ऐकावं एवढंच हवं होतं. जाऊबाई मला ते बोलूच देत नव्हत्या. नवरा तर या प्रकरणात मुळी नव्हताच. त्याला टॉप दिसला होता की नाही, याचीही मला शंका होती.

मग गेवराईहून नणंद, तिचा नवरा आणि तिच्या सासूबाई जेवायला आले. मी तोच टॉप घातला. जिद्दीनं घातला, खोटं कशाला बोलू. सगळे खाली पंगतीला बसले, नवराही बसला. कूलर घरघरत होता तरी सगळ्यांना घाम फुटलेला. मी आणि जाऊबाई वाढत होतो. भाजी वाढायला वाकले तेव्हा नणंदेच्या सासूबाईंची नजर माझ्या दंडावर आली आणि तिथंच बसली. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी फक्त माझ्या नवऱ्याकडे पाहिलं.

आणि नवरा म्हणाला, "कापड पुरलं न्हाई तिला. दुसरं आनू."

अगदी प्रेमानं म्हणाला. तेच मला जास्त लागलं. म्हणजे टॉप त्याला पहिल्या दिवसापासून दिसत होता, आणि जाऊबाईंचं उत्तर त्यानं पाठही करून ठेवलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भाजीचं पातेलं खाली ठेवलं.

"कापड पुरलं होतं," मी म्हटलं. "मला बाह्या नको होत्या."

नणंदेच्या नवऱ्याला एकदम वरणात फार रस वाटू लागला. नणंद माझ्याकडे बघत होती, पण सासूबाई शेजारी असल्यानं तिनं तोंड उघडलं नाही. जाऊबाई मात्र तशा राहणाऱ्या नव्हेत. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं, दोरीवरची ओढणी ओढली आणि मागून येऊन माझ्या दोन्ही खांद्यांवर पांघरली.

"कूलरचा वारा लागंल," त्या म्हणाल्या.

बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं. कापड पुरलं होतं म्हटल्याबरोबर मला म्हणे थंडी वाजायला लागली होती, आणि पंगतीतल्या सगळ्यांना ते पटलंही होतं. नवऱ्याचा चेहरा तर सुटल्यासारखा झाला.

मी ओढणी काढली. तिची घडी घातली आणि नवऱ्याच्या मागं जाऊन त्याच्या खांद्यावर ठेवली.

"वारा तुम्हालाच लागतोय," मी म्हटलं, आणि पातेलं उचलून पुढं वाढायला लागले.

त्याचा डावा हात रिकामा होता. ओढणी काढायला तेवढा पुरला असता. त्यानं ती काढली नाही. मान खाली घालून, ती तशीच खांद्यावर घेऊन तो शेवटच्या घासापर्यंत जेवत राहिला.