दारावरची ईडलिंबाची माळ

दासगावच्या बंदरावर मी बोटीत पाय ठेवला तेव्हा आई रडली नाही, ओरडली. "पदराला बांधलंय ते बोट लागून मळमळलं की तोंडात धर गो! एकदम गिळू नको!" पदराला होत्या ईडलिंबाच्या, म्हणजे त्या मोठ्या जाड सालीच्या आंबट लिंबाच्या, सुकवलेल्या चकत्या. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून चालत येतानाच मी त्यातल्या निम्म्या चघळून संपवल्या होत्या. उरलेल्या आमच्या ह्यांना लागल्या. मुंबईच्या गिरणीत काम करणारा, कायम बोटीने येणारा-जाणारा हा बाप्या बाणकोट सोडल्यावर जो आडवा झाला, तो धक्क्यालाच उठला. मला काही झालं नाही. हे मी अजून सगळ्यांना सांगते, त्यांना आवडत नाही तरी.

गावच्या बायांनो, तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडचे बाप्ये मुंबईला आणि बाया शेतावर. मला नेलं ते ह्यांना खानावळीचं जेवण बाधायला लागलं म्हणून. तेही अटीवर. "शिमग्यापर्यंत बघू. चाळीत निभलं तर ऱ्हा, नाय तर गावी पोचवीन." मी परत येणार याची सासूबाईंना खात्रीच होती. मला मात्र परत जायचं नव्हतं. खोटं कशाला बोलू? लग्न झाल्यापासून नवरा सणाला दिसायचा, पाहुण्यासारखा. मला तो रोज हवा होता.

परळच्या बाजारात ईडलिंबं दिसली आणि मला राहवलं नाही. आईच्या रीतीनं गोल चकत्या कापल्या, बिया काढल्या, मीठ-हळद चोळून बरणीत मुरवल्या, मग दोऱ्यात ओवल्या. कीड लागू नये म्हणून मधे मधे सुकी लाल मिरची. वाडीत ही माळ चुलीच्या वर टांगतात. आमच्या खोलीत कपड्यांनाच जागा नव्हती, तर माळेला कुठून असणार? ऊन फक्त गॅलरीत. म्हणून दाराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली, आणि निवांत भात टाकला.

दुसऱ्या दिवशी नळावर माझ्याशी कुणी बोलेना. शेजारची भागामावशी, कशेडी घाटाच्या पलीकडची, खेडकडची, मला ऐकू जाईल अशा बेतानं दुसरीला म्हणाली, "आमची नजर एवढी वाईट? एका लिंबानं भागत नाय हिचं, अख्खा बाजार टांगलान दाराला!"

अगं बाई! मी चकत्या सुकवत होते आणि चाळ समजली, त्यांची दृष्ट लागू नये म्हणून मी लिंबू-मिरची टांगलीय!

बायकांनी विस्तव देणं बंद केलं. बाप्यांनी ह्यांना जिन्यात गाठलं. हे वर आले ते तणतणतच. "काढ ती माळ! नाय तर शिमग्याची वाट कशाला बघू? उद्याच बोटीत बसवतो."

मला तर परत जायचं नव्हतं. पण माळ काढली असती तर ती दृष्टीचीच होती असं कबूल केल्यासारखं झालं असतं. तशीच गॅलरीत गेले, सगळ्यांच्या देखत एक चकती तोडली आणि तोंडात टाकली.

"दृष्टीचं लिंबू खाल्लंन गो!" भागामावशी किंचाळली.

"अगो मावशे, खायचीच हायत ती! ओकारी आली की चघळायची, पेजेसंगं तोंडी लावायची!"

ओकारी म्हटल्याबरोबर तिची सून चंद्रा भिंतीला धरून बाहेर आली. तिला दिवस गेले होते आणि पोटात पाणीसुद्धा टिकत नव्हतं. तिनं हात पुढे केला. मावशीनं तो मागे ओढला. "काय झालं म्हणजे?"

"अजून काय व्हायचं ऱ्हायलंय, आत्ये?" चंद्रा म्हणाली आणि दुसऱ्या हातानं चकती घेतली.

आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत उभ्या. ती चघळत राहिली. मग म्हणाली, "अजून एक द्या." संध्याकाळी तिच्या पोटात वाटीभर पेज टिकली. त्यानंतर माझी माळ कधी धड सुकलीच नाही. जिना चढणारा प्रत्येक जण जाता-येता एक चकती तोडायचा.

शिमगा जवळ आला. हे बोचकं बांधायला लागले, मला काहीच न विचारता. तेवढ्यात भागामावशी दारात आडवी उभी राहिली. "तुम्ही खुशाल जावा. हिला नाय सोडायची. चंद्रीचं बाळंतपण कोण काढील?" गिरणीत मुकादमाला न घाबरणाऱ्या माझ्या नवऱ्यानं तिच्यापुढे माझं लुगडं बोचक्यातून काढून ठेवलं.

मी आत जाऊन पोटभर रडले, आनंदानं. सासरी जा, शेतावर जा, मुंबईला जा, सगळ्यांनी मला आजवर पोचवतच आणलं होतं. जाऊ नको म्हणून अडवणारं पहिलं माणूस मला त्या गॅलरीत भेटलं. तेव्हापासून कुणी घर विचारलं की मी चाळीचं नाव सांगते. आई, रागावू नको.