रेशमीचा पाय

लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, काम केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. मशीनखाली सुताचा कचरा साठतो ना, तसेच साठतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा तेवढेच! पण सुरतेत बमरोलीच्या आमच्या खात्यातली जुनी मंडळी भेटली, की आधी विषय निघतो तो हिरामण नानांच्या मांजरीचा. नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत मी फोल्डिंगला होतो, म्हणजे तयार कापडाच्या घड्या घालायला. नाना लूमवर. अमळनेरकडचे. बायको-मुलं गावाला, हे इथे एकटे एका खोलीत.

*

चहासाठीसुद्धा मशीन न थांबवणाऱ्या नानांनी एक दिवस भर शिफ्टमध्ये मशीन बंद केलं. सगळे चमकले! बघतो तर नाना खाली वाकलेले. मशीनच्या पट्ट्यात मांजराचं इवलंसं पिल्लू अडकलं होतं. नानांनी अलगद सोडवलं, पण मागचा पाय रक्ताने भरलेला, नुसता लोंबत होता.

खात्यात इतका खडखडाट, की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. त्यांच्या बाजूच्या मशीनवरच्या प्रल्हादने कानाशी ओरडून विचारलं, "नाना, याचं ओरडणं तुम्हाला ऐकू आलं कसं?"

नाना म्हणाले, "ऐकाले कसाले जोयजे? तोंड दिखस ना!"

*

मग सुरू झाले उपाय. कुणी हळद म्हणे, कुणी विडीची राख. प्रल्हाद तर मशीनच्या ऑइलचा डबाच घेऊन आला! वर म्हणतो, "आज एवढं लावू. दवाखान्यात उद्या नेऊ, उद्या सुट्टीच आहे."

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुना हात अडकना तं तुले बी उद्याच लई जाऊत का?"

प्रल्हादने डबा गुपचूप जागेवर ठेवला.

*

आता शेठची परवानगी. शेठ भारी तापट! नाना पिल्लू कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ऑफिसच्या दारात उभे, मागे मी. शेठ फोनवर कुणालातरी झापत होते. फोन आपटून ओरडले, "शुं थयुं?"

नाना चाचरत सांगू लागले, की मशीन बंद आहे, काम नंतर भरून काढतो, पण...

शेठ उठले, कापडात डोकावले आणि आणखी जोरात ओरडले, "तो हजी अहीं केम ऊभा छो? जाओ!" मग माझ्याकडे वळून, "तुं पण साथे जा!"

आम्ही घाबरून फाटकापर्यंत पळालो. तिथे पोचल्यावर डोक्यात शिरलं, की 'अजून इथे का उभे' म्हणजे अरे, ही तर सुट्टी मिळाली!

*

रिक्षावाला थांबला, पण पिल्लू दिसताच त्याने हात जोडले. "बिल्ली रास्ता काटे तो मैं रिक्शा रोक देता हूँ, और तुम अंदर बिठा रहे हो?"

नाना म्हणाले, "अरे भाऊ, रस्ता कोठे काटी राहिनी ती? आपलासंगे सरळच जाई राहिनी!"

त्याला किती कळलं कोण जाणे, पण तो हसला. नंतर दवाखान्यापर्यंत पठ्ठ्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. लोक बाजूला होऊन आत कोण सीरियस आहे म्हणून बघत होते!

*

जनावरांचा दवाखाना म्हणजे दारात म्हशी. म्हशींच्या मधून वाट काढत आम्ही आत गेलो. डॉक्टरबेन तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "पेशंटनुं नाम?"

नाना गोंधळले. हातातल्या कापडाकडे बघून म्हणाले, "रेशमी."

कापड होतं पॉलिस्टर. पण पोरीचं नाव पॉलिस्टर कोण ठेवणार!

इंजेक्शनच्या वेळी नानांनी डोळे गच्च मिटले. डॉक्टरबेन हसल्या. "काका, सुई तो इसको लगी है!" मग टाके घातले, पट्टी लावून पाय सरळ बांधला आणि म्हणाल्या, "अच्छा हुआ तुरंत ले आए. कल तक रुकते तो पैर काटना पड़ता. अब चलेगी. बस, महीने भर कूदने मत देना."

नाना बाहेर येऊन एका म्हशीशेजारी मटकन खाली बसले. पंच्याने चेहरा पुसत होते आणि हसतही होते.

*

दिवाळी आली. सगळे गावाला निघाले. चाळीत मी राहिलो होतो आणि नानाही थांबले. रेशमीची पट्टी अजून सुटली नव्हती. प्रल्हाद त्यांच्याच गावचा, म्हणून निरोप त्याच्याकडे दिला. त्याने तो नानीला, म्हणजे नानांच्या बायकोला, चोख पोचवला, "नाना येणार नाहीत. रेशमीचा पाय मोडलाय, रात्रंदिवस तिच्या उशाशी बसलेले असतात."

रेशमी कोण, हे सांगायचं राहूनच गेलं!

भाऊबीजेच्या सकाळी नानी डोक्यावर बोचकं घेऊन आमच्या चाळीत हजर. सुरतेत पहिल्यांदाच आलेली, सोबतीला कुणी नाही. माझ्याकडे खोली विचारली तेव्हा आवाज असा, की मी बोटानेच दाखवली. लगोलग मागेही गेलो, म्हटलं, सोडवायला माणूस लागेल!

नानीने दार ढकललं. "कोठे शे ती?"

नानांच्या हातात दुधाची बशी. त्यांनी खाटेकडे मान केली. रेशमी पांढऱ्या पट्टीचा पाय पसरून निवांत पडली होती. नानीकडे बघून तिने तोंड उघडलं.

नानीने बोचकं खाली ठेवलं. खाटेजवळ गेली, वाकली, बराच वेळ बघत राहिली. मग वळून नानांच्या हातातल्या बशीत बोट घातलं आणि कडाडली, "इतलं थंड दूध दी राहिनात तिले? स्टो कोठे शे?"