मेणाचा धागा

भाऊराव फिटरला मापाचं नाव काढलेलं खपायचं नाही. वेसाव्याच्या धक्क्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षं त्याने बोटींची इंजिनं बांधली. बेअरिंगची टोपी आवळायची, शाफ्ट हाताने फिरवून बघायचा, झालं! "हाताला कळतं रे," म्हणायचा. शाफ्ट आणि बेअरिंगमधली फट मोजायला मेणाचा बारीक धागा मिळतो. दुकानदाराने दाखवला, तर म्हणे, "शिकाऊ लोकांना दे तो." गडी गुणी खराच, पण गुर्मी काय कमी होती!

मग रामनाथ गेला. भाऊरावचा जिवाभावाचा दोस्त. भर वाऱ्यात त्याच्या नावेचं इंजिन बंद पडलं, ती लाटेला आडवी झाली आणि तो पाण्यात फेकला गेला. नाव ओढून आणली. रामनाथ सापडला नाही. कोळीवाडा म्हणाला, दर्याने नेला. इंजिन महिन्याभरापूर्वी भाऊरावनेच बांधलं होतं.

आठ महिन्यांनी रामनाथची बायको जया तेच इंजिन घेऊन आली.

"भावजी, आता माझा भाऊ ही नाव दर्यावर नेणार. तुम्हीच बांधा. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

इंजिन उघडलं. एक बेअरिंग जळून शाफ्टला चिकटलेलं. त्याची कारणं शंभर सांगता येतील. पण शेजारचं धड होतं, भाऊरावने बसवलं तसंच. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा धागा मागवला. तिथे शाफ्टवर ठेवला, टोपी आवळली, परत खोलली. धागा दबून जेवढा रुंद होईल तेवढी फट कमी. हा तर पाकिटावर छापलेल्या मापांतल्या सगळ्यात रुंद खुणेच्याही बाहेर पसरला होता. तेलाला शिरायला जागाच नव्हती. तीनदा मोजलं, माप काही बदलेना.

जया समोरच बाकड्यावर बसली होती. गप्प राहिला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण त्याला ते जमेना.

"वहिनी, दर्याने नाही, मी घालवला त्याला. फट कमी ठेवली मी. मोजलं असतं तर..." आणि म्हातारा ढसाढसा रडायला लागला.

जयाने तो चपटा धागा बोटाने चाचपला.

"इंजिन तापतंय हे ह्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी म्हटलं, भावजींना दाखवा. तर म्हणाले, नको गं, भाऊरावच्या कामात खोट काढली तर त्याचं तोंड एवढंसं होईल."

जयाने पदराने डोळे पुसले.

"आता मोजून बांधा," ती म्हणाली. "परत तापलं, तरी माझा भाऊपण तुम्हाला काही बोलायचा नाही."